डायरीतले पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये नेताना मांडणी कशी करावी?

ओसरी | १० नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार. गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांचे निधन झाले. गावच्या घराची वीज, मालमत्ता कर, विमा, ठेवी हे सगळे ते स्वतःच ऑनलाइन पाहत असत आणि प्रत्येक ठिकाणचा पासवर्ड २०१६ सालच्या एका भेट मिळालेल्या डायरीत लिहून ठेवत. बँकेचे काम आम्ही शाखेत जाऊन, नामनिर्देशनाचे अर्ज भरून रीतसर पूर्ण केले; पण बाकीच्या गोष्टी उलगडायला, डायरी हातात असूनही, सहा-सात महिने गेले. एका पानावर तीन पासवर्ड खोडलेले, चौथ्यापुढे ‘नवा’ आणि पाचव्यापुढे ‘नवा २’. अक्षर मोत्यासारखे, तरी हे शून्य आहे की इंग्रजी ओ, हा एक आहे की धाकटा एल, हे शेवटपर्यंत कळले नाही. विजेचे बिल ज्या ईमेलवर येत होते, त्या ईमेलचा पासवर्ड मात्र डायरीत कुठेच नव्हता, कारण तो त्यांच्या फोनमध्ये कायम उघडाच असे.

हे सगळे निस्तरताना लक्षात आले की माझी स्वतःची अवस्था याहून वाईट आहे. माझ्याकडे एक लहान डायरी आहे, फोनमधल्या नोंदी आहेत, आणि क्रोममध्ये आपोआप साठत गेलेले १८३ पासवर्ड आहेत, ज्यांतले निम्मे कशाचे आहेत हेच मला आठवत नाही. बरेचसे पासवर्ड एकाच साच्यातले आहेत: मुलाचे नाव, मध्ये ‘ॲट’चे चिन्ह आणि पुढे साल.

दिवाळीच्या सुट्टीत बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरचे (सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डाखाली कुलूपबंद ठेवणाऱ्या ॲपचे) मोफत खाते उघडले, उत्साहाने अकरा फोल्डर केले (बँक, सरकारी, प्रवास, खरेदी, शाळा, आरोग्य वगैरे) आणि बारा नोंदी भरून अडकले. आयआरसीटीसी सरकारी म्हणावे की प्रवास? भविष्य निर्वाह निधी सरकारी की बँक? नेट बँकिंगला लॉगिनचा एक आणि व्यवहाराचा दुसरा असे दोन पासवर्ड असतात, तर दोन नोंदी कराव्यात का? आणि मुळात सुरुवात कुठून करावी? कोणता मॅनेजर चांगला, हा वाद इथे नको. हाती आहे त्यात घडी नीट कशी बसवावी, एवढेच विचारायचे आहे.

पानसुपारी | १० नोव्हेंबर, रात्री १०:१५

घर बदलताना माळ्यावरची अडगळ जशीच्या तशी नव्या घरात नेली, तर ती नव्या माळ्यावर जाते. १८३ नोंदी आहेत तशा उचलून नेऊ नका. क्रोममध्येच पासवर्ड तपासण्याची सोय आहे. कोणते पासवर्ड गळतीत सापडले, कोणते अनेक ठिकाणी तेच वापरले आणि कोणते कच्चे आहेत, हे ती फुकटात सांगते. आधी ती यादी पाहा, मेलेल्या नोंदी तिथेच पुसा, मग उरलेल्या न्या. माझ्याकडे आयकराच्या दोन नोंदी होत्या. विभागाचे ई-फायलिंग पोर्टल ७ जून २०२१ रोजी नव्या पत्त्यावर गेले, आणि मी मात्र जुन्या पत्त्याचा पासवर्ड चार वर्षे जपून ठेवला होता.

तळटीप | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

ओसरीताई, तुमचा खरा प्रश्न फोल्डरचा नाही, क्रमाचा आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. सासऱ्यांच्या बाबतीत अडले ते ईमेलपाशी. म्हणून संगणक बंद ठेवून एक कोरा कागद घ्या आणि कशाने काय उघडते, हे बाण काढून मांडा. जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळावर ‘पासवर्ड विसरलात?’ असे दाबले की दुवा ईमेलवर जातो, म्हणजे ईमेल हाती असलेल्याच्या हाती बाकीचे सगळे असते. ईमेल कशाने उघडते? पासवर्डाने आणि मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाने. मोबाइल कशाने उघडतो? स्क्रीनच्या पिनने आणि सिमकार्डाने. कागदावर ज्या दोन-तीन चौकटींतून सर्वाधिक बाण निघतील, तिथून सुरुवात करा: ईमेल, गूगल किंवा ॲपलचे मुख्य खाते आणि मोबाइल सेवेचे खाते. त्यांना नवे, लांब, दुसऱ्या कशाशीही न जुळणारे पासवर्ड द्या. किराणा मागवण्याचे ॲप डिसेंबरपर्यंत थांबले तरी चालेल.

हा कागद करताना एक वर्तुळ हमखास सापडते, आणि ते तोडणे सगळ्यांत महत्त्वाचे आहे. ईमेलचा पासवर्ड फक्त तिजोरीत, म्हणजे मॅनेजरमधल्या तुमच्या कुलूपबंद साठ्यात, आणि तिजोरी नव्या यंत्रावर उघडताना पडताळणीचा क्रमांक येतो तो त्याच ईमेलवर. दुहेरी पडताळणी (पासवर्डाखेरीज दुसरा पुरावा मागणारी सोय) लावलेली नसेल, तर बिटवॉर्डन २०२५ पासून नव्या यंत्रावर असा क्रमांक ईमेलने पाठवते. फोन हरवला आणि दुसरीकडे कुठेही लॉगिन उघडे नसेल, तर कपाटाची किल्ली कपाटातच राहिली असे होते. म्हणून ईमेलचा पासवर्ड, तिजोरीचा मुख्य पासवर्ड आणि दुहेरी पडताळणीचा पुनःप्राप्ती संकेत (दुसरा पुरावा हाती नसताना आत जाऊ देणारा राखीव संकेत), या तीन गोष्टी कागदावर लिहून घरातल्या लॉकरमध्ये ठेवाव्यात. कागदाला हसणारे पुष्कळ भेटतील. त्यांना हसू द्या.

आता फोल्डर. अकराचे चार करा, आणि ते विषयाप्रमाणे न करता माणसाप्रमाणे करा: मी, यजमान, मुलगा, गावचे घर. कारण असे की ‘आयआरसीटीसी’ शोधायला फोल्डर लागतच नाही, शोधपेटीत चार अक्षरे टाकली की नोंद समोर येते. पण आयकराच्या एकाच संकेतस्थळावर तुमचे पॅन, यजमानांचे पॅन आणि सासूबाईंचे पॅन अशा तीन नोंदी असतील, तेव्हा मॅनेजर तिन्ही पुढे करतो आणि यांतली कोणाची कोणती, हे नावावरूनच कळावे लागते. बिटवॉर्डनमध्ये एक नोंद एकाच फोल्डरात राहते, हेही ध्यानात घ्या. विषयवार विभागणीत प्रत्येक नोंद दोन ठिकाणी शोभते आणि तुमच्यासारखे अडकायला होते.

नेट बँकिंगची नोंद एकच ठेवा. लॉगिनचा पासवर्ड त्याच्या जागी, आणि व्यवहाराचा किंवा प्रोफाइलचा पासवर्ड त्याच नोंदीत जादा रकाना करून. त्या रकान्याचा प्रकार ‘लपवलेला’ असा निवडता येतो, म्हणजे शेजारी बसलेल्याला दिसत नाही. ग्राहक क्रमांक, शाखा, कोणता मोबाइल जोडलेला आहे, नामनिर्देशन कोणाचे, हे टिपणात लिहा. ‘आईचे माहेरचे आडनाव’ छापाच्या सुरक्षा प्रश्नांची उत्तरे खरी देऊ नका. अर्धी भावकी ती जाणते. खोटी उत्तरे द्या आणि तीही टिपणातच ठेवा.

यूपीआयचा पिन आणि एटीएमचा पिन मी आत ठेवत नाही. तेवढे चार-सहा आकडे डोक्यात राहू द्यावेत.

कऱ्हाकाठ | ११ नोव्हेंबर, दुपारी १:३०

सर्वांच्या अभ्यासाविषयी आदर राखून विचारतो की सगळी अंडी एकाच टोपलीत का ठेवावीत? माझी डायरी माझ्या कपाटात आहे, आणि ती चोरायला चोराला माझ्या घरी यावे लागेल. पासवर्ड मॅनेजरच्या कंपनीवरच दरोडा पडल्याचे आपण वाचलेले आहे.

तळटीप | ११ नोव्हेंबर, सायंकाळी ६:५०

आक्षेप रास्त आहे, आणि डायरीला मी वाईट म्हणणार नाही. सगळीकडे एकच पासवर्ड वापरणाऱ्यापेक्षा डायरीत वेगवेगळे लिहिणारा माणूस कितीतरी सुरक्षित असतो. आपण म्हणता ती घटना लास्टपासची. २०२२ साली त्यांच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या आणि कंपनीने त्या डिसेंबरात तसे जाहीर केले. पासवर्ड कुलूपबंद होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते, म्हणजे कोणाचे खाते कोणत्या बँकेत आहे एवढे चोराला फुकटात कळले. चोरीला गेलेली तिजोरी चोर आपल्या घरी बसून, वाटेल तितका वेळ, एकामागून एक मुख्य पासवर्ड लावून पाहू शकतो. अशा वेळी ज्याचा मुख्य पासवर्ड लांब आणि खरोखर सोडत काढल्यासारखा असतो, त्याला झोप लागते. मुलाचे नाव आणि साल असणाऱ्याला लागू नये.

टोपली दुसऱ्याच्या घरी ठेवणे पटत नसेल, तर कीपास आहे. २००३ पासूनचा, मुक्तस्रोत, आणि सगळे एका कुलूपबंद फाइलीत ठेवणारा. संगणकावर कीपासएक्ससी आणि अँड्रॉइडवर कीपासडीएक्स तीच फाइल उघडतात. मात्र त्या फाइलीच्या प्रती काढणे आणि दोन्हीकडची फाइल ताजी ठेवणे ही जबाबदारी मग पूर्णपणे आपली. संगणकाची हार्ड डिस्क बिघडली तर कोणाकडे दाद मागता येत नाही.

डायरी एक गोष्ट करू शकत नाही, तीही सांगतो. बँकेसारखे दिसणारे खोटे पान समोर आले, तर डायरी निमूटपणे पासवर्ड वाचू देते. मॅनेजर पत्ता जुळल्याशिवाय भरत नाही.

ओसरी | १६ नोव्हेंबर, रात्री ११:१०

सर्वांचे आभार. तळटीप यांच्या सांगण्यावरून कागद केला. बाण सगळे माझ्या एका जुन्या ईमेलकडे गेले, जे मी वर्षभर उघडले नव्हते आणि ज्याला जोडलेला मोबाइल क्रमांक आता माझा नाही. तिथेच दोन दिवस गेले, पण ते आधी झाले हे बरे झाले.

नोंदी हलवताना मात्र एक घोटाळा झाला. क्रोममधून सीएसव्ही फाइल (सगळ्या नोंदींची साध्या अक्षरांतली यादी) उतरवली आणि डायरीतले क्रमांकही त्यातच भरावेत म्हणून ती स्प्रेडशीटमध्ये उघडली. आमचा विजेचा ग्राहक क्रमांक १२ अंकी आणि शून्याने सुरू होणारा. त्याचे शून्य गायब. बरोबरीच्या चिन्हाने सुरू होणारा एक पासवर्ड होता, तो सूत्र समजला जाऊन त्याच्या जागी ‘त्रुटी’ असा संदेश आला. मी ती फाइल जतन करून बिटवॉर्डनमध्ये भरली, चूक दिसल्यावर मूळ फाइल पुन्हा भरली, आणि आता सगळे दोन-दोन झाले आहे. ते आपोआप एकत्र होत नाही का?

दुसरी गोष्ट अशी की माझ्या बँकेच्या पानावर मॅनेजर पासवर्ड भरतच नाही. कंटाळून मी नक्कल करून चिकटवला.

पानसुपारी | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

एकत्र होत नाही; दोनदा भरले की दोनदाच दिसणार. अजून फार काम झालेले नसेल, तर सगळे पुसून मूळ फाइल एकदाच भरा. पुसलेले ३० दिवस कचरापेटीत राहते, त्यामुळे हात थरथरू देऊ नका. क्रोमच्या फाइलीत ‘अँड्रॉइड’ या शब्दाने सुरू होणारे विचित्र पत्ते दिसतील, त्या फोनमधल्या ॲपच्या नोंदी आहेत. संकेतस्थळाची आणि ॲपची नोंद वेगळी असेल, तर दोन्ही पत्ते एकाच नोंदीत घालून दुसरी काढून टाका. माझ्या यादीतल्या चाळीसएक नोंदी एवढ्यानेच कमी झाल्या होत्या.

आणि आज, आत्ता, ती सीएसव्ही फाइल पुसा. तिच्यात सगळे पासवर्ड उघडे, साध्या अक्षरांत आहेत. रीसायकल बिन रिकामे करा, आणि डाउनलोडचा फोल्डर जर कुठल्या क्लाउडवर आपोआप चढत असेल, तर तिथली प्रत आणि तिथली कचरापेटीही पाहा.

तळटीप | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:००

ताई, मॅनेजर भरत नसताना नक्कल करून चिकटवणे ही सवय मात्र लागू देऊ नका. तो भरत नाही, म्हणजे ‘हा पत्ता माझ्या ओळखीचा नाही’ असे सांगत असतो. तुमच्या बाबतीत कारण बहुधा निरुपद्रवी आहे: रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायची होती, आणि तुमच्या नोंदीत जुना पत्ता आहे. पण नेमक्या अशाच बदलाच्या काळात ‘आमचा पत्ता बदलला, इथे दाबा’ असे खोटे संदेश खपून जातात. म्हणून नवा पत्ता संदेशातल्या दुव्यावरून घेऊ नका. जुना, ओळखीचा पत्ता स्वतः टाइप करा, तो कुठे नेतो ते पाहा, शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ असा आहे हे अक्षर न् अक्षर वाचा आणि मगच तो त्या नोंदीत दुसरा पत्ता म्हणून जोडा. जुना काही महिन्यांनी काढा.

काही बँकांच्या पानांवर ग्राहकनाव एका पानावर, पासवर्ड दुसऱ्या पानावर, आणि वर पडद्यावरचा कीबोर्ड असतो. तिथे पत्ता बरोबर असूनही आपोआप भरले जात नाही. तेव्हा नक्कल करण्याला पर्याय नाही, पण आधी पत्ता पाहावा.

दूरदेशी | १८ नोव्हेंबर, पहाटे ४:३०

टोरंटोहून लिहितो आहे. माझ्यासारख्यांच्या कागदावर सगळे बाण भारतातल्या एका सिमकार्डाकडे जातात. बँक, आयकर, आधार, सगळ्यांचे ओटीपी त्याच क्रमांकावर, आणि ते सिम रिचार्जअभावी बंद पडले की पासवर्ड माहीत असून काही उपयोग नसतो. म्हणून मी तिजोरीत ‘भारतातले सिम’ अशी एक नोंद केली आहे. तिच्यात पासवर्ड नाही. क्रमांक कोणाच्या नावावर आहे, सिम कोणत्या फोनमध्ये आहे, रिचार्ज कधी संपतो आणि पुण्यात माझ्या वतीने तो कोण करतो, एवढेच लिहिले आहे. गेल्या दोन वर्षांत सर्वाधिक वेळा उघडलेली नोंद तीच असेल.

जिथे ओटीपीऐवजी ॲपमधला सहा आकडी क्रमांक चालतो, तिथे मी तो घेतो. त्यासाठी एजिससारखे वेगळे ॲप वापरतो. पासवर्ड आणि दुसरी पडताळणी एकाच तिजोरीत ठेवावी का, याविषयी मतभेद आहेत, आणि मी वेगळे ठेवणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

ओसरी | १८ नोव्हेंबर, रात्री १०:००

सगळे पुसून पुन्हा भरले. १८३ च्या ९७ नोंदी उरल्या. बँकेचा पत्ता तसाच निघाला, जसा तळटीप यांनी म्हटला होता.

आता मुख्य पासवर्ड बदलावा म्हणते, कारण घाईत ठेवलेला तोही त्याच साच्यातला आहे. आवडत्या अभंगाची एक ओळ देवनागरीत टाइप करून ठेवली, तर लांबही होईल आणि लक्षातही राहील ना?

पानसुपारी | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

दोन्ही गोष्टी टाळा. अभंगाची ओळ जशी तुम्हाला पाठ आहे तशी लाखो लोकांना पाठ आहे, आणि पासवर्ड फोडणारे छापील वाक्ये आधी लावून पाहतात. देवनागरीची अडचण वेगळीच आहे. ‘ऱ्या’ हे जोडाक्षर एक कीबोर्ड नुक्त्याच्या र पासून बनवतो, तर दुसरा साधा र आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. कऱ्हाकाठ यांचे सदस्यनाव शोधताना कधी कधी सापडत नाही, ते याचमुळे असावे! आज फोनवर उघडलेली तिजोरी उद्या कार्यालयातल्या संगणकावर उघडली नाही, तर दोष कुठे शोधणार?

फाशांची पद्धत वापरा. १९९५ मध्ये अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी ती ‘डाइसवेअर’ या नावाने मांडली. पाच फासे टाकायचे, जो पाच आकडी क्रमांक येईल त्याच्यासमोरचा शब्द यादीतून घ्यायचा. यादी ७,७७६ शब्दांची असते, कारण सहाचा पाचवा घात तेवढा होतो. असे सहा शब्द घेतले की पुरे. आलेला शब्द आवडला नाही म्हणून फासा पुन्हा टाकायचा नाही, एवढेच पथ्य. आवडीनिवडी शिरल्या की सोडत राहत नाही. सापशिडीतला एकच फासा पाच वेळा टाकलात तरी चालतो.

कऱ्हाकाठ | १९ नोव्हेंबर, दुपारी २:००

सदस्यनावाचे आत्ता कळले. नऊ वर्षे मी प्रशासकांना दोष देत होतो.

डायरी सोडलेली नाही, परंतु कागदावर बाण काढून पाहिले. माझ्या डायरीतही ईमेलचा पासवर्ड नाही. आज लिहिला.

ओसरी | ७ डिसेंबर, रात्री ९:३०

काम पुरे झाल्याचे कळवायला आले आहे. फोल्डर चार आहेत. ईमेल, गूगल खाते, मोबाइल आणि बँका यांचे पासवर्ड नवे आहेत. बाकीच्यांचे, जेव्हा ज्या संकेतस्थळावर जाईन तेव्हा, एकेक बदलते आहे. फासे मुलाने टाकले. सहा शब्दांपैकी एकाचा अर्थ आम्हा दोघांनाही माहीत नव्हता, तरी पथ्य पाळले. घरात दोघांना लागणारे पासवर्ड बिटवॉर्डनच्या दोन सदस्यांच्या मोफत सामाईक संग्रहात ठेवले आहेत. तीन गोष्टींचा कागद पाकिटात घालून गोदरेजच्या कपाटातल्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डबीखाली आहे. क्रोममधली साठवण पुसून टाकली आणि ‘पासवर्ड जतन करू का?’ हे विचारणेही बंद केले, नाहीतर दोन्ही मॅनेजर एकाच चौकटीवर भांडत होते.

परवा रंगीत तालीम घेतली. मी काहीही बोलणार नाही असे ठरवून यजमानांना पाकीट आणि मुलाचा जुना लॅपटॉप दिला आणि गावच्या घराचे वीजबिल काढून दाखवा म्हटले. मुख्य पासवर्ड दुसऱ्या खेपेला लागला, कारण शब्दांच्या मध्ये मोकळी जागा आहे हे मी कागदावर लिहिलेच नव्हते. तिजोरी उघडली आणि त्यांनी शोधपेटीत पाच-सहा वेळा काहीतरी टाकले, पण नोंद काही मिळेना. मी नोंदीचे नाव ‘विद्युत देयक, गावचे घर’ असे शुद्ध ठेवले होते, आणि ते ‘लाइट बिल’ शोधत होते.

नोंदीचे नाव आता ‘लाइट बिल गाव’ असे आहे, आणि ते देवनागरीत व रोमन लिपीत, दोन्हींत लिहिले आहे. उरलेल्या ९६ नोंदींची नावे रविवारी ते स्वतः वाचून बदलणार आहेत.